पाणी दिलेली काच

गेल्या पावसाळ्यात आमच्या संस्थेच्या आवारात गवत कापण्याचे काम चालू होते. यंत्राच्या पात्याखालून उडालेला एक खडा माझ्या मोटारीच्या मागच्या डाव्या दरवाज्याच्या काचेवर लागला. खडा वाटाण्याएवढा असेल-नसेल. पण बारीकसा आवाज झाला, सगळी काच एकदम पांढरी दिसू लागली आणि पाहता पाहता हरभऱ्याएवढ्या तुकड्यांचा ढीग होऊन आसनावर कोसळली. हे तुकडे मी ओंजळीने गोळा केले, तरी बोटांना एक-दोन ओरखड्यांपलीकडे इजा झाली नाही. त्याच हातांनी घरातल्या फुटलेल्या तसबिरीची काच गोळा करण्याचे धाडस मी केले नसते.

खिडकीच्या चौकटीवर खाकी कागद धरून मी आकार उतरवून घेतला आणि कोपऱ्यावरच्या काचेच्या दुकानात गेले. घरच्या कपाटाच्या काचा तिथेच कापून मिळतात. दुकानदारांनी कागदाकडे पाहिले आणि तो तसाच परत दिला.

"ताई, ही काच मला कापता यायची नाही."

"का? हिरकणी नाही का तुमच्याकडे?"

"हिरकणी आहे हो. पण ही टफन काच. ओरखडा घेईल, आणि जरा दाब दिला की सगळीच जाईल. हिला कंपनीची तयार काचच आणावी लागते. नाहीतर साधी चार मिलिमीटरची देऊ का, कडा घासून? तुमच्या गाडीची काच वाकलेली, तिथे ती नीट बसायची नाही. पण सपाट खिडकी असली की पुष्कळ जण तीच बसवतात. समोरच्या शाळेच्या व्हॅनला मीच बसवलीय."

त्यांच्या बोलण्यातल्या दोन गोष्टी मला घरी येईपर्यंत सोडीनात. एक शाळेच्या व्हॅनची. तिच्याकडे नंतर वळू. दुसरी गोष्ट म्हणजे, आधीच बनून तयार असलेली काच कापता येत नाही, हे काय गूढ आहे? याचे उत्तर शोधताना आपल्याला साडेतीनशे वर्षांपेक्षाही मागे जावे लागते.

आधी साधी काच कशी कापली जाते ते पाहू. खरे म्हणजे हिरकणी काच कापतच नाही. ती पृष्ठभागावर एक सरळ, बारीक चीर पाडते. मग कारागीर त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना हलकेच वाकवतो. वाकवल्यामुळे चिरेच्या तोंडाशी ताण एकवटतो आणि तडा त्या रेषेनेच खाली उतरत जाऊन काच दुभंगते. काचेत मुळात ताण नसतो, म्हणून आपण देऊ तिकडेच तडा जातो. कारागिराची सगळी कला यावर उभी आहे, आणि ती शक्य व्हावी म्हणून काच कारखान्यातच अतिशय सावकाश थंड केलेली असते. या सावकाश थंड करण्याला अनुशीतन म्हणतात. ते नीट झाले नाही तर काचेत ताण अडकून राहतो, आणि अशी काच काचकामवाले सदोष मानतात.

हा अडकलेला ताण म्हणजे दोष, ही समजूत शतकानुशतके चालत आलेली होती. तिला पहिला धक्का दिला तो एका खेळण्याने.

वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात टाकला की त्याचा बेडकाच्या पिल्लासारखा आकार बनतो: जाड डोके आणि लांब, निमुळती शेपटी. (पुष्कळसे थेंब पाण्यातच फुटतात, काही टिकतात.) या थेंबाचे डोके ऐरणीवर ठेवून हातोडीचा घाव घातला तरी ते सहसा फुटत नाही. पण शेपटीचे टोक चिमटीत धरून मोडले, की शेपटीपासून डोक्यापर्यंत सगळ्या थेंबाचा क्षणात भुगा होतो. सतराव्या शतकात हे थेंब युरोपात कुतूहलाचा विषय होते. १६५७ मध्ये कॉन्स्टंटाइन हॉयगेन्स यांनी, म्हणजे प्रकाशाचा तरंग-सिद्धांत मांडणाऱ्या ख्रिश्चन हॉयगेन्स यांच्या वडिलांनी, असे काही थेंब मार्गारेट कॅव्हेंडिश या विदुषीकडे पाठवून त्यांचे मत विचारले. आत एखादा स्फोटक द्रव दडलेला असावा, असा तर्क त्यांनी केला. तर्क चुकला, पण आतमध्ये काहीतरी कोंडलेले आहे ही कल्पना मला तितकीशी चुकीची वाटत नाही.

१६६० मध्ये प्रिन्स रूपर्ट याने हे थेंब इंग्लंडात आणून राजा दुसरा चार्ल्स याला दाखवले, आणि तेव्हापासून ते 'प्रिन्स रूपर्टचे थेंब' म्हणून ओळखले जाऊ लागले. दरबाऱ्यांच्या मुठीत डोके धरायला लावून राजा शेपटी मोडत असे आणि त्यांची तारांबळ पाहून हसत असे, असे सांगतात. तसे असेल ते असो. पण राजाने पुढच्याच वर्षी ते थेंब नुकत्याच स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीकडे तपासणीसाठी पाठवले, हे मात्र काम चांगले झाले. सर रॉबर्ट मरे यांनी त्यांवर टिपण लिहिले, आणि १६६५ मध्ये रॉबर्ट हूक यांनी आपल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात त्यांना एक स्वतंत्र प्रकरण दिले.

हूक यांची अडचण विचारात घ्या. ज्या वस्तूचा क्षणात भुगा होतो, ती कशी फुटली हे पाहायचे कसे? त्यांनी माशापासून केलेल्या सरसाचा लेप थेंबावर दिला, तो वाळू दिला आणि मग शेपटी मोडली. तुकडे सरसाला चिकटून जागच्या जागी राहिले आणि तड्यांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहता आली. महागड्या उपकरणांवाचून प्रयोग होत नाही असे मानणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर लक्षात ठेवावा. हूक यांचे स्पष्टीकरण असे: थेंब पाण्यात पडताच बाहेरचा भाग आधी थंड होऊन घट्ट होतो, आतला भाग तेव्हा तप्तच असतो. पुढे आतला भाग थंड होताना आकसू पाहतो, पण बाहेरचे कवच त्याला तसे करू देत नाही. काच हळूहळू तापवून हळूहळू थंड केली की तिचा हा गुण नाहीसा होतो, हेही त्यांनी जाणले होते.

आपल्याकडे बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात ती आठवा. धाव तापवून फुगवतात, चाकावर बसवतात आणि पाणी ओततात. ती आकसते आणि लाकडाला चहूबाजूंनी आवळून धरते. इथे आकसणारी वस्तू बाहेर आहे आणि आवळली जाणारी आत. काचेच्या थेंबात याच्या उलट घडते. आकसणारा भाग आत आहे, आणि तो बाहेरच्या कवचाला आत खेचून दाबून धरतो. त्यामुळे पृष्ठभागावर दाब आणि पोटात ताण अशी जोडी तयार होते. दोघांचा हिशेब बरोबर जुळलेला असतो, म्हणून थेंब वरून शांत दिसतो.

पण पृष्ठभागावर दाब असण्याने काच बळकट का व्हावी? याचे उत्तर मिळायला १९२० साल उजाडले. इंग्लंडात फार्नबरो येथे विमानांच्या संशोधनावर काम करणाऱ्या ॲलन ग्रिफिथ यांनी काचेच्या तंतूंवर प्रयोग करून दाखवले, की काच तिच्या अणूंमधील बंधांच्या मानाने फारच कमी ताणाला तुटते, आणि याचे कारण तिच्यावरील अतिसूक्ष्म चिरा. ताण दिला की चिरेच्या टोकाशी तो कित्येक पटींनी वाढतो. दाब दिला तर मात्र चिरेचे ओठ मिटतात. म्हणजे पृष्ठभाग आधीच दाबलेला असेल, तर बाहेरून दिलेल्या ताणाला प्रथम तो दाब संपवावा लागतो. त्यानंतरच चिरेला उघडता येते.

हे कारण कळण्याच्या अर्धशतक आधीच एका फ्रेंच माणसाने त्याचा धंदा करून पाहिला होता. रॉयर द ला बास्ती यांनी १८७४ मध्ये तप्त काच गरम तेलाच्या आणि चरबीच्या द्रवात बुडवून बळकट करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. लोहार विळ्याला, कोयत्याला पाणी देतो, तसे काचेला हे तेलाचे 'पाणी' देणे होते. (पोलादाच्या अंतरंगात पाणी देताना घडते ते वेगळे; साम्य कृतीपुरतेच आहे.) त्यांचे पेले जमिनीवर पडले तरी फुटत नसत, याचे लोकांना फार नवल वाटले. पण असा पेला कधीकधी कोणी हातही न लावता फुटे. तेलातून काढलेल्या काचेत ताण सर्वत्र सारखा नसे, आणि काचेतला एखादा खडाही पुरेसा होई. अशा आपोआप फुटण्यामागे निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण असू शकतो हे तर १९६० च्या दशकात उमगले. जेवणाच्या टेबलावर फुटणारा 'न फुटणारा' पेला कोण विकत घेणार? धंदा बसला.

एव्हाना मोटारी रस्त्यावर आल्या होत्या आणि अपघातात काचेने होणाऱ्या जखमा हा नवा प्रश्न उभा राहिला होता. त्याला एक उत्तर वेगळ्याच दिशेने आले. १९०३ मध्ये एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत फळीवरून एक चंबू पडला. त्याला तडे गेले पण तो विखुरला नाही. आत सेल्युलोज नायट्रेटचा द्रावण सुकून पातळ पापुद्रा बनला होता आणि त्याने तुकडे धरून ठेवले होते. यातून दोन काचांमध्ये पापुद्रा घालून केलेली थरांची काच निघाली. मोटारीच्या समोरची काच अशी असते: तडे जातात, पण ती जागेवर राहते आणि चालकाला रस्ता दिसत राहतो.

बाजूच्या काचांसाठी मात्र रूपर्टच्या थेंबाचाच वारसा उपयोगी पडला. तेलाऐवजी हवा वापरायची, ही कल्पना १९३० च्या सुमारास फ्रान्समधील सँ-गोबँ कंपनीने 'सेक्युरिट' या नावाने व्यवहारात आणली. काच सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, म्हणजे ती मऊ होऊ लागते पण वाहत नाही. मग दोन्ही अंगांनी असंख्य तोट्यांतून थंड हवेचे झोत सोडतात. काही सेकंदांत काम होते. चार मिलिमीटर जाडीच्या काचेत दोन्ही पृष्ठभागांलगतचा सुमारे एक-पंचमांश भाग, म्हणजे ०.८ मिलिमीटरच्या आसपासचा थर, दाबाखाली येतो आणि मधला तीन-पंचमांश भाग ताणाखाली. पृष्ठभागावरचा दाब दर चौरस सेंटीमीटरला एक टनाच्या घरात असतो. अशी काच साध्या काचेच्या चार-पाच पट बळकट ठरते. काच जितकी पातळ तितका आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक टिकवणे कठीण. म्हणून आजच्या पातळ काचांना पूर्वीपेक्षा जोरदार झोत लागतात.

आता दुकानदारांच्या वाक्याकडे परत येऊ. हिरकणीचा ओरखडा दाबाच्या थरातच राहतो. तिथे तडा पुढे सरकू शकत नाही, म्हणून नुसत्या ओरखड्याने काही होत नाही. पण वाकवून तडा खाली उतरवला, की ०.८ मिलिमीटरच्या पलीकडे तो ताणाच्या प्रदेशात शिरतो. तिथे त्याला बाहेरून कोणी खेचायची गरज उरत नाही. कोंडलेली ऊर्जा त्याला पुढे ढकलते. तडा सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने धावतो, फुटतो, फाटे काढतो, त्या फाट्यांना पुन्हा फाटे. १९९४ मध्ये श्रीनिवासन चंद्रशेखर आणि केंब्रिजचे मुनव्वर चौधरी यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी रूपर्टच्या थेंबात हीच शर्यत टिपली. हूक यांच्या सरसाची जागा कॅमेऱ्याने घेतली, एवढेच. पुढे २०१६ मध्ये त्यांनी आणि एस्टोनियातील टॅलिनच्या हिलार आबेन यांच्या गटाने थेंबाच्या पृष्ठभागावरील दाब मोजला. तो दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ७ टन भरला. हातोडी का हरते ते यावरून लक्षात येईल.

माझ्या गाडीवर लागलेला खडा तसा क्षुल्लक होता, पण त्याचे टोक त्या ०.८ मिलिमीटरच्या पार गेले असावे.

यातून एक विलक्षण बंधन निर्माण होते. पाणी दिल्यावर काचेला काहीच करता येत नाही: कापणे नाही, भोक पाडणे नाही, कड घासून अर्धा मिलिमीटर कमी करणेही नाही. जे करायचे ते आधी. म्हणून कारखान्यात प्रथम सपाट, साधी काच अचूक आकारात कापतात, कडा घासून गोल करतात, वर-खाली करणाऱ्या यंत्रणेसाठी भोके हवी असतील तर ती पाडतात, मग तापवून दरवाज्याच्या बाकाप्रमाणे वाकवतात आणि शेवटी हवेचे झोत. दरवाज्याची काच विशिष्ट गाडीच्या, विशिष्ट सालच्या नमुन्याच्या, डाव्या किंवा उजव्या, पुढच्या किंवा मागच्या अशा एकाच दरवाज्यासाठी जन्माला येते ती यामुळे. माझा खाकी कागद कितीही अचूक असता तरी व्यर्थ होता. काचेचे माप तिच्या जन्माआधी ठरलेले असते.

योग्य काच मिळाली तरी बसवण्यात काळजी लागते. दरवाज्याच्या पोकळीत पडलेले जुने तुकडे राहिले, तर ते नव्या काचेच्या कडेवर घासतात. आणि कड हाच पाणी दिलेल्या काचेचा नाजूक भाग. माझ्या गाडीचा दरवाजा उघडून मेकॅनिकने झाडणीने आणि मग झोताने ते तुकडे काढले, तेव्हा तासभर गेला. रबरी बीडिंग जिथे फाटले होते तिथे काचेचा लोखंडाला स्पर्श होत होता, म्हणून तेही बदलले. "काच बसवायला दहा मिनिटं, जागा साफ करायला तास," असे तो म्हणाला. तो वरवर तक्रार करत होता, पण ते त्याच्या कामाचे अचूक वर्णन होते.

आता त्या शाळेच्या व्हॅनविषयी. तिची मधली खिडकी सपाट आणि सरकती; तिथे साधी काच कापून बसते, वर-खालीही नीट सरकते, आणि दिसायला काहीच फरक नसतो. फरक अपघातात दिसतो. साधी काच फुटते ती लांब, टोकदार सुऱ्यांसारख्या तुकड्यांत, आणि खिडकीशी बसलेल्या मुलाचे डोके नेमके त्या उंचीवर असते. सुरक्षित काचेची कसोटीच तुकडे मोजण्याची आहे: युरोपीय नियमावलीत मुद्दाम फोडलेल्या टफन काचेच्या ५ सेंटीमीटर बाजूच्या चौरसात किमान ४० तुकडे व्हावे लागतात. कमी झाले तर तुकडे मोठे, म्हणजे काच नापास. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार वाहनाच्या खिडक्यांना सुरक्षित काच बंधनकारक आहे, आणि अशा काचेच्या कोपऱ्यात उत्पादकाची आणि मानकाची खूण छापलेली असते.

ही खूण पाहणे हा ओळखण्याचा पहिला मार्ग. दुसरा मार्ग शिक्षकांना अधिक आवडेल. डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५-१६ च्या सुमारास दाखवले, की दाबाखालची काच ध्रुवित प्रकाशात स्वतःची नक्षी उघड करते. सकाळी किंवा संध्याकाळी, सूर्यापासून काटकोनातल्या निळ्या आकाशाचा प्रकाश ध्रुवित असतो. ध्रुवकाचा चष्मा घालून मोटारीच्या मागच्या किंवा बाजूच्या काचेकडे तिरके पाहिले, तर गडद ठिपक्यांच्या रांगा दिसतात. ज्या तोट्यांतून हवेचे झोत आले त्यांचा हा ठसा. साध्या काचेत ही नक्षी नसते. वर्गात करायचे झाले तर संगणकाचा पडदा पांढरा ठेवावा (पुष्कळ पडद्यांचा प्रकाश ध्रुवित असतो), त्याच्यापुढे कंपासपेटीतला प्लॅस्टिकचा कोनमापक धरावा आणि चष्म्याच्या भिंगातून पाहावे. साच्यात ओतताना अडकलेला ताण रंगीत पट्ट्यांच्या रूपाने दिसतो. हा चष्मा ध्रुवकाचाच हवा. नुसत्या काळ्या काचेने काही होत नाही.

एका संध्याकाळी मी असा चष्मा घेऊन त्या व्हॅनच्या चालकाला भेटले. त्यांनी मला आधी विमा कंपनीची समजले. मग त्यांच्याच डोळ्यांवर चष्मा ठेवला. मागच्या खिडकीत ठिपके होते. मधल्या खिडकीत काही नव्हते, आणि कोपऱ्यात खूणही नव्हती. ते थोडा वेळ दोन्ही काचांकडे आलटून पालटून पाहत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, मला काच म्हणजे काच एवढंच माहीत. खर्च किती येईल?" मी दुकानाचे नाव सांगितले, दुकानदारांनी कंपनीच्या काचेची चौकशी करून दिली. आठवड्याने ती बसली.

काढलेली साधी काच धड होती. दुकानदारांनी ती हिरकणीने कापून तिच्या दोन तसबिरी केल्या.